लिव्हरपूलचे दोन दिवस: बीटल्स आणि फुटबॉलमध्ये रस नसेल तर काय पाहावे?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. थोडक्यात तो असा आहे. तुम्ही नोकरीनिमित्त लेस्टरला राहता, मेअखेरीस यवतमाळहून आईवडील येणार आहेत, मुलगा तेरा वर्षांचा आहे, आणि लंडन व स्कॉटलंड पाहून झाल्यावर हाताशी दोन दिवस उरतात. ते लिव्हरपूलला द्यावेत, की ‘तिथे बीटल्स आणि फुटबॉल सोडून काही नाही’ हे सहकाऱ्यांचे म्हणणे मानून तो बेत सोडून द्यावा, असे तुम्ही विचारले आहे. आईवडिलांना या दोन्ही गोष्टींत रस नाही, दोघेही शाकाहारी आहेत, आईंचे गुडघे दुखतात आणि वडील कापूस एकाधिकार खरेदी योजनेत ग्रेडर होते, असेही तुम्ही ओघात लिहिले आहे.

माझे उत्तर ‘जरूर जा, आणि एक रात्र मुक्काम करा’ असे आहे. मी पूर्वी मुंबईत जहाजी मालवाहतुकीच्या कामात होतो, गेली बावीस वर्षे मर्सी नदीच्या पलीकडच्या काठावर राहतो, आणि त्यातली चौदा वर्षे भारतातून येणाऱ्या, मुख्यतः मराठी, कुटुंबांना हे शहर दाखवतो. त्यामुळे शहराविषयी मला आपुलकी आहे हे खरे; तरीही खाली जे लिहितो आहे ते आपुलकीपोटी नसून, लोकांना इथे काय भावते आणि कुठे ते कंटाळतात हे पाहून बनलेले मत आहे.

‘काय पाहावे’ याच्या याद्या तुम्हाला कुठेही मिळतील. खरी अडचण वेगळी आहे. ज्यांच्या मनात या शहराची आधीपासून कोणतीही प्रतिमा नाही, त्यांनी ते कोणत्या धाग्याने पाहावे? सुरुवातीच्या वर्षांत मी एका दिवसात दोन कॅथेड्रल, तीन संग्रहालये आणि बीटल्सची गल्ली असे सगळे कोंबत असे. एकदा साताऱ्याच्या एक आजी दुपारी तीन वाजता अल्बर्ट डॉकच्या बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, “अरे, मला एकच काहीतरी नीट दाखव.” तेव्हापासून मी हे शहर फक्त बंदर म्हणून दाखवतो. लिव्हरपूल पाण्यामुळे जन्मले, मालामुळे श्रीमंत झाले आणि जहाजे बदलली तेव्हा गरीब झाले. इथल्या बहुतेक इमारती, देवळे, खाद्यपदार्थ आणि माणसांची बोलण्याची ढब या तीन गोष्टींशी जोडलेली आहे. हा धागा हाती आला की बीटल्स न ऐकलेल्या माणसालाही शहर कळू लागते.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. मर्सीच्या मुखावर वारा फार असतो आणि मेअखेरीसही आईवडिलांना कानटोपी व वारा अडवणारे जाकीट लागेल. सोमवारी इथली अनेक संग्रहालये बंद असतात. शिवाय सध्या गोदीभागात मोठी नूतनीकरणे चालू आहेत. टेट लिव्हरपूल हे कलादालन २०२३ च्या अखेरीपासून आणि सागरी संग्रहालय व आंतरराष्ट्रीय गुलामगिरी संग्रहालय २०२५ च्या आरंभापासून बंद आहेत, म्हणून निघण्यापूर्वी त्यांच्या संकेतस्थळांवर ताजी स्थिती पाहून घ्या. मुक्कामाचे दर मात्र हवामानापेक्षाही लहरी असतात. लिव्हरपूल किंवा एव्हर्टनचा घरचा सामना असलेला शनिवार-रविवार आणि एप्रिलमधल्या ग्रँड नॅशनल घोडदौडीचे दिवस टाळले, तर तीच खोली बऱ्याच कमी पैशांत मिळते. तुमच्या तारखांना फुटबॉलचा हंगाम संपलेला असेल. तरी सामन्यांचे वेळापत्रक एकदा पाहाच.

पहिल्या दिवसाची सुरुवात पिअर हेडच्या धक्क्यावर करा. जेम्स स्ट्रीट हे भुयारी स्थानक तिथून पाच-सात मिनिटांवर आहे. वडिलांना आणि मुलाला सर्वप्रथम नदीकडे तोंड करून उभे करा आणि भरती-ओहोटीविषयी सांगा, कारण या शहराचा सगळा इतिहास तिथून निघतो. उधाणाच्या दिवसांत इथे भरती आणि ओहोटी यांच्या पातळ्यांत नऊ मीटरपर्यंत, कधी त्याहूनही अधिक, फरक पडतो. मुंबईत तो उधाणाला साधारण पाच मीटर असतो. सतराव्या शतकात इथे येणारे जहाज ओहोटीला चिखलात बसत असे आणि माल उतरवायला पुढच्या भरतीची वाट पाहावी लागे. त्यावर टॉमस स्टीअर्स या अभियंत्याने उपाय काढला. ‘पूल’ नावाच्या खाडीच्या तोंडाला दरवाजे बसवून त्याने भरतीचे पाणी आतच कोंडले. १७१५ मध्ये सुरू झालेली ही गोदी जगातली पहिली व्यापारी बंदिस्त गोदी मानली जाते. बाहेर समुद्र कितीही उतरो, आतले जहाज तरंगतच राही आणि माल रोज उतरे. वेळ वाचला, वेळेबरोबर पैसा वाचला, आणि शंभर वर्षांत मासेमारांचे गाव ब्रिटनच्या पहिल्या रांगेतले बंदर झाले.

ही जुनी गोदी १८२६ मध्ये बुजवली गेली. आज तिच्यावर लिव्हरपूल वन हे भलेमोठे बाजारसंकुल उभे आहे. २००१ च्या उत्खननात तिच्या भिंती पुन्हा सापडल्या, आणि संकुलाच्या पोटात उतरून त्या पाहता येतात. ही फेरी ठरावीक दिवशीच, वाटाड्याबरोबर आणि आधी तिकीट काढूनच होते. वरती लोक कपड्यांच्या पिशव्या घेऊन फिरत असतात आणि खाली आपण तीनशे वर्षांपूर्वीच्या विटांच्या भिंतीसमोर, जिथे एके काळी जहाजाची कड घासत असे तिथे, उभे असतो. तेरा वर्षांच्या मुलाला याहून चांगली सुरुवात मला सुचत नाही. पायऱ्या आहेत, म्हणून आईंना चालणार आहे का हे तिकीट काढताना विचारा.

तिथून अल्बर्ट डॉक जवळच आहे. इथे घाई करू नका. जेसी हार्टली आणि फिलिप हार्डविक यांनी आखलेली ही गोदी १८४६ मध्ये राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांच्या हस्ते सुरू झाली. त्या काळी लाकडी मजल्यांच्या वखारींना सतत आगी लागत, म्हणून हार्टलीने बांधकामात लाकूड जवळजवळ वापरलेच नाही. ओतीव लोखंड, वीट आणि दगड एवढ्यावर सगळे उभे आहे. पाण्याच्या काठावर लाल रंगाचे जे जाडजूड खांब दिसतात, त्यांवर हात ठेवून पाहायला सांगा. ते पोकळ ओतीव लोखंडाचे आहेत आणि वरच्या मजल्यांचा भार पेलत आहेत. खांबांच्या मधे काही ठिकाणी मोठ्या कमानी आहेत, त्या शोभेसाठी नाहीत. यारीची फिरती भुजा मालासकट तिथून आत वळावी म्हणून ती जागा सोडलेली आहे. जहाज वखारीला खेटून उभे राही आणि कापूस, चहा, रेशीम, तंबाखू थेट आत जाई. वाटेत बैलगाडी नाही, हमाल नाही, चोरी नाही.

आणि तरीही ही गोदी काही दशकांतच मागे पडली, कारण ती शिडाच्या जहाजांच्या मापाने बांधली होती आणि वाफेची जहाजे तिच्या दारातून आत मावेनात. १९७२ मध्ये ती बंद झाली, गाळाने भरली, पाडायच्या गोष्टी झाल्या, आणि १९८८ मध्ये तिचे पुनरुज्जीवन झाले. मुंबईतल्या गिरण्यांचे काय झाले हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही हकिगत लगेच उमगते. माझ्याबरोबर आलेल्या गिरणगावातल्या एका गृहस्थांनी इथे पाऊण तास काढला आणि दुसरे काहीही पाहायला नको म्हणाले.

आता तुमच्या वडिलांविषयी. माझ्या मते त्यांच्यासाठी शहरातली सगळ्यांत महत्त्वाची जागा पर्यटकांच्या नकाशावर ठळक नसते. वॉटर स्ट्रीटने पिअर हेडपासून चढण चढत गेले की नगरभवन लागते, आणि त्याच्या पाठीमागे एक्सचेंज फ्लॅग्ज नावाचा फरसबंदी चौक आहे. एकोणिसाव्या शतकात जगातल्या कापसाचा भाव या फरशांवर, उघड्या आकाशाखाली, ठरत असे. सौद्यांसाठी इमारत असतानाही दलाल बाहेरच उभे राहून सौदे करत, आणि ही रीत शतक संपत येईपर्यंत चालली. मँचेस्टर आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस याच बंदरातून जात असे, आणि त्यातला सुमारे चार पंचमांश अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतून येत असे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली आणि लँकेशायरच्या गिरण्या उपाशी राहिल्या. तेव्हा सगळ्यांच्या नजरा वऱ्हाड, खानदेश आणि गुजरातकडे वळल्या.

पुढचा भाग आपल्या शाळेच्या इतिहासात येतो, पण अर्धाच. मुंबईत पैशाचा पूर आला, शेअरचा सट्टा माजला, आणि एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळून पेढ्या आणि बँका बुडाल्या. प्रेमचंद रायचंद यांनी दिलेल्या पैशांतून उभा राहिलेला मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर आपण अभिमानाने दाखवतो. त्या पैशाचे दुसरे टोक या चौकात होते. इथल्या भावपत्रकांत भारतीय कापसाला सरसकट ‘सुरत’ म्हणत, आणि त्यात जातवारी असे. त्यातल्या एका जातीचे नाव हिंगणघाट, आणि दुसरीचे ऊमरा. हे ऊमरा म्हणजे अमरावती! आखूड धाग्याचा, कचरा असलेला म्हणून आपल्या कापसाला गिरणीकामगार नावे ठेवत, कारण अमेरिकी धाग्यासाठी जुळवलेल्या यंत्रांवर तो सारखा तुटत असे.

तीन वर्षांपूर्वी अकोल्याचे एक गृहस्थ माझ्याबरोबर इथे आले होते. त्यांच्या घरात दोन पिढ्या जिनिंगचा धंदा होता. ऊमरा हे नाव ऐकल्यावर ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग त्यांनी दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या जुळवल्या आणि हातात रुईची चिमूट असावी तसे ते हळूहळू दूर ओढत नेले, पुन्हा जुळवले, पुन्हा ओढले. तंतूची लांबी अशीच पाहतात, हे तुमच्या वडिलांना सांगायला नको. लिव्हरपूलचे दलालही नमुना असाच पाहत. बरोबर आलेल्या नातीने विचारले, “आबा, काय करताय?” आणि मग तिथल्या पायरीवर बसून त्यांनी तिला सरकी, रुई, गाठ, धागा हे सगळे जे सांगितले, ते मला कधीच सांगता आले नसते. तुमच्या वडिलांना त्या चौकात नेऊन अर्धा तास मोकळा ठेवा, आणि मुलाला त्यांच्याजवळ बसवा.

त्याच वॉटर स्ट्रीटवर इंडिया बिल्डिंग्ज नावाची भव्य इमारत आहे. आजची इमारत १९२४ ते १९३२ या काळातली. पण नाव जुन्या इमारतीचे आहे. ईस्ट इंडिया कंपनीची व्यापारातली मक्तेदारी संपल्याची खूण म्हणून जॉर्ज होल्ट या कापूसदलालाने १८३० च्या दशकात आपल्या इमारतीला ते नाव दिले. आपल्या देशाचे नाव इथल्या दारावर कोणत्या हिशेबाने आले, हे उभे राहून समजून घेण्यासारखे आहे.

याच परिसरात दुसरी, अवघड गोष्टही सांगावी लागते, आणि मी ती कधीच वगळत नाही. अमेरिकेतला तो कापूस गुलामांनी पिकवलेला होता, आणि त्याआधीची शंभर वर्षे लिव्हरपूल स्वतः गुलामांच्या व्यापारात अग्रेसर होते. इथल्या जहाजांनी सुमारे १५ लाख आफ्रिकी माणसे अटलांटिकपार नेली. १८०७ मध्ये ब्रिटनने हा व्यापार बंद केला तोवर शहराचे अनेक नगराध्यक्ष त्यात गुंतलेले होते. गुलामगिरी संग्रहालय बंद असले तरी दगड बोलतात. नगरभवनाच्या बाहेरच्या भिंतीवर, वरच्या पट्ट्यात, हत्ती आणि मगरींबरोबर आफ्रिकी माणसांचे चेहरे कोरलेले आहेत. जणू तोही एक मालच होता. मुलगा तेरा वर्षांचा आहे, त्याला हे कळेल. चौकाच्या मध्यभागी असलेल्या, ब्रिटिश आरमाराचा सेनापती नेल्सन याच्या १८१३ च्या स्मारकाच्या पायाशी साखळदंडांनी जखडलेले चार पुरुष आहेत. ते नेल्सनच्या चार विजयांचे, म्हणजे युद्धकैद्यांचे, प्रतीक आहेत. पण ज्या शहरात ते बसवले त्याचा इतिहास पाहता अनेकांना त्यांत गुलाम दिसतात. मी दोन्ही अर्थ सांगतो आणि पाहणाऱ्यावर सोडतो.

दुपारी पिअर हेडला परत येऊन मर्सीची फेरीबोट घ्या. साधारण पन्नास मिनिटांची जलसफर असते आणि आईंच्या गुडघ्यांना तेवढीच विश्रांती मिळते. या फेरीची परंपरा फार जुनी आहे. पलीकडच्या बर्कनहेडच्या मठातल्या भिक्षूंना तिसऱ्या एडवर्ड राजाने १३३० मध्ये लोकांना नदीपार नेऊन भाडे घेण्याची सनद दिली होती. बोटीच्या वरच्या डेकवरून मागे पाहिले की धक्क्यावरच्या तीन इमारती एका नजरेत येतात: १९०७ ची बंदर कचेरी, पहिल्या महायुद्धात पूर्ण झालेली क्यूनार्ड इमारत आणि १९११ ची रॉयल लिव्हर इमारत. लिव्हर इमारतीच्या मनोऱ्यांवर तांब्याचे दोन पक्षी पंख पसरून बसलेले आहेत, एक समुद्राकडे पाहणारा आणि एक शहराकडे. ते घडवणारा कार्ल बार्टेल्स हा लंडनमध्ये स्थायिक झालेला जर्मन शिल्पी होता. पहिल्या महायुद्धात त्याला शत्रुदेशाचा नागरिक म्हणून स्थानबद्ध केले आणि नंतर जर्मनीला परत पाठवले. त्याने केलेले पक्षी मात्र शहराची ओळख बनून वरच राहिले.

याच बंदरातून १८३० ते १९३० या शंभर वर्षांत सुमारे ९० लाख माणसे अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियाकडे निघून गेली. आपलाही इथे एक धागा आहे. अँकर लाइनच्या प्रवासी बोटी १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत लिव्हरपूल आणि मुंबई यांच्यात ये-जा करत. त्या काळात शिक्षणासाठी विलायतेला आलेल्या कित्येक मराठी मुलांनी इंग्लंडची पहिली जमीन पाहिली ती इथे, आणि ब्रिटिश बोटींच्या डेकवर आणि इंजिनखोलीत कोकणातले आणि गोव्याचे खलाशी पिढ्यान्‌पिढ्या राबत होते. तुमच्या ओळखीत त्या बोटीने आलेले कोणी ज्येष्ठ असतील, तर येण्यापूर्वी त्यांच्याशी बोला. धक्का पाहताना ते उपयोगी पडेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या अंगाचे शहर पाहा. होप स्ट्रीट हा साधारण अर्ध्या मैलाचा रस्ता दोन कॅथेड्रलना जोडतो. अँग्लिकन कॅथेड्रल हे ब्रिटनमधले सर्वांत मोठे. १९०४ मध्ये पायाभरणी झाली आणि १९७८ मध्ये ते पूर्ण झाले. आराखडा निवडला गेला तेव्हा गाइल्स गिल्बर्ट स्कॉट अवघा बावीस वर्षांचा होता. तो १९६० मध्ये वारला, आणि इमारत त्याच्यानंतर अठरा वर्षांनी पुरी झाली. इंग्लंडचा लाल टेलिफोनचा खोका त्याच स्कॉटने आखला. मनोऱ्यावर जायला दोन लिफ्ट आहेत, पण त्यांच्यानंतरही शंभरावर पायऱ्या आहेत. आईंनी खालीच थांबावे, खालचा विस्तार पाहूनच मन भरते. दुसऱ्या टोकाला कॅथलिकांचे गोल, तंबूसारखे कॅथेड्रल आहे. तिथे आधी नवी दिल्ली आखणाऱ्या लुट्यन्सचा प्रचंड घुमटाचा आराखडा ठरला होता. १९३३ मध्ये काम सुरू झाले, पण पैसा आणि महायुद्ध या दोन्हींनी तो अडवला आणि फक्त तळघर पूर्ण झाले. त्यावर फ्रेडरिक गिबर्ड यांनी १९६२ ते १९६७ अशा पाच वर्षांत आजची इमारत उभी केली. सकाळी ऊन असेल तर आत गेल्यावर काही बोलू नका. वरच्या रंगीत काचांतून निळा-लाल प्रकाश फरशीवर उतरतो, तो पाहू द्या.

तिथून उतरताना बोल्ड स्ट्रीटच्या माथ्यावर छप्पर नसलेले सेंट ल्यूक चर्च लागते. मे १९४१ च्या बाँबहल्ल्यांत ते जळाले आणि तसेच ठेवले आहे. महायुद्धात रस असेल तर मुलाला वेस्टर्न अप्रोचेस हे भूमिगत युद्धकेंद्र जरूर दाखवा. अटलांटिकमधल्या जहाजांच्या ताफ्यांचे संरक्षण १९४१ पासून याच तळघरातून चालवले गेले. प्रवेशाला तिकीट आहे आणि पायऱ्या आहेत. तोवर आईवडिलांना विल्यम ब्राउन स्ट्रीटवरच्या सार्वजनिक ग्रंथालयातली गोल पिक्टन वाचनशाला दाखवता येईल. १८७९ ची ही खोली सर्वांना मोफत खुली आहे, आणि शेजारचे वॉकर कलादालनही मोफत आहे. पिअर हेडवरचे म्युझियम ऑफ लिव्हरपूल पावसासाठी राखून ठेवा. तेही मोफत आहे आणि आत लिफ्ट आहे.

बीटल्सविषयी एवढेच सांगतो की मॅथ्यू स्ट्रीटवरून चालत जायला दहा मिनिटे पुरतात. पिअर हेडवर त्या चौघांचे पुतळे आहेत, तिथे मुलाचे छायाचित्र काढा. बीटल्स जिथे गात त्या कॅव्हर्न क्लबची आजची जागा मूळ तळघर नसून १९८४ मध्ये जुन्या विटा वापरून पुन्हा बांधलेली आहे. लेनन आणि मॅकार्टनी यांची बालपणीची घरे नॅशनल ट्रस्टकडे आहेत आणि ती आधी ठरवलेल्या सहलीतूनच पाहता येतात. रस नसेल तर त्यांच्यामागे अर्धा दिवस घालवू नका. तरी मुलाला एक गोष्ट सांगा. अमेरिकेला ये-जा करणाऱ्या जहाजांवरच्या माणसांबरोबर तिकडच्या संगीताच्या तबकड्याही या शहरात येत असत, आणि बंदर असल्यामुळे इथल्या मुलांचे कान तयार झाले असे इथले जुने लोक मानतात.

खाण्याची चिंता करू नका. बोल्ड स्ट्रीटवर भारतीय, तुर्की, लेबनीज, इटालियन अशी खूप उपाहारगृहे आहेत आणि शाकाहारी पदार्थ वेगळे लिहिलेले असतात. इथल्या माणसांना ज्यावरून ‘स्काउसर’ म्हणतात तो स्काउस म्हणजे मांस, बटाटे, गाजर आणि कांद्याचा खलाशांचा रस्सा. परवडत नसे तेव्हा लोक तो मांसावाचून करत, त्याला ‘ब्लाइंड स्काउस’ म्हणतात. काही ठिकाणी तो मिळतो, सोबत व्हिनेगरमध्ये मुरवलेली लाल कोबी आणि पाव असतो. मात्र त्यात मांसाचे पाणी घातलेले नाही ना, हे स्पष्ट शब्दांत विचारा; नुसते ‘व्हेजिटेरियन आहे का’ एवढ्यावर भागत नाही, असा माझा अनुभव आहे.

म्हणजे क्रम असा ठेवा: पहिली सकाळ पिअर हेड, जुनी गोदी, अल्बर्ट डॉक आणि एक्सचेंज फ्लॅग्ज, दुपारी फेरीबोट, दुसरी सकाळ दोन कॅथेड्रल आणि बोल्ड स्ट्रीट, दुपारी ग्रंथालय किंवा युद्धकेंद्र. आईंना चालवत नसेल तर दुसऱ्या दुपारी हे सगळे सोडून सेंट्रल स्थानकातून पोर्ट सनलाइटला जा. सनलाइट साबण काढणाऱ्या विल्यम लिव्हर या कारखानदाराने १८८८ पासून आपल्या कामगारांसाठी वसवलेले ते गाव सपाट आणि शांत आहे, फुलझाडांनी भरलेले आहे, आणि ज्या घरांत सनलाइटची वडी वापरली गेली त्यांना ते लगेच आपले वाटते.

पहिल्या संध्याकाळसाठी मी मुद्दामच काही सुचवले नव्हते. मेअखेरीस इथे रात्री नऊनंतरही उजेड असतो. त्या वेळी रेल्वेने वीस मिनिटांवर असलेल्या क्रॉस्बीच्या किनाऱ्यावर जा. अँटनी गॉर्मली या शिल्पकाराने स्वतःच्या शरीराच्या साच्यांतून ओतलेले शंभर लोखंडी पुरुष तिथे तीन किलोमीटर लांबीच्या वाळूत, समुद्राकडे तोंड करून उभे आहेत. प्रत्येकाचे वजन साडेसहाशे किलो. भरतीला दूरचे पुतळे गळ्यापर्यंत बुडतात, मग दिसेनासे होतात, आणि सुकतीला अंगावर शेवाळ आणि चिकटलेले कवचधारी जीव घेऊन पुन्हा वर येतात. भरती-ओहोटीचे कोष्टक आधी पाहा आणि पाणी उतरत असताना पोहोचा. मुलाला काठाजवळच्या पुतळ्यांपर्यंतच जाऊ द्या. दूरच्या पुतळ्यांच्या आसपास चिखल पाय धरतो आणि भरती पाठीमागून येते, म्हणून तसे इशाऱ्याचे फलक तिथे लावलेले आहेत. आईंना वाळूत नेऊ नका. किनाऱ्यालगतच्या पक्क्या वाटेवरून जवळचे पुतळे स्पष्ट दिसतात, आणि त्यांच्यामागून मर्सीत शिरणारी मालाची जहाजेही दिसतात.